गिअरबॉक्स: खोलायचा की बदलायचा?

सात-आठ वर्षे चाललेली गाडी सेकंडचा गिअर घेताना कर्रकन आवाज करू लागली, की भोकरसारख्या तालुक्याच्या गावात मालकापुढे चार सल्ले एकदम येऊन पडतात. एक मिस्त्री म्हणतो, ‘बॉक्स खोलू, रिंगा बदलू.’ दुसरा म्हणतो, ‘मालक, खोलण्यात पैसे घालू नका, हैदराबादहून जुना बॉक्स आणून टाकतो.’ नांदेडच्या शोरूममधून नव्या असेंब्लीचा आकडा येतो, आणि तो ऐकून घरातलेच कोणीतरी म्हणते, गाडीच विकून टाका. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो. अडचण एवढीच, की तो बहुतेक वेळा बॉक्स खाली उतरण्याच्या आधीच दिलेला असतो. मला आग्रहाने सांगायचे आहे ते याबद्दल. नेमके काय झिजले हे कळेपर्यंत दुरुस्ती की बदली हे ठरवताच येत नाही. आणि ते कळले, की आपल्या भागात, साध्या मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी उत्तर बहुधा दुरुस्तीच्या बाजूने निघते. फक्त ती दुरुस्ती अर्धीमुर्धी असून चालत नाही.

भोकर नांदेडपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. एक रस्ता म्हैसा गावावरून तेलंगणात जातो, दुसरा हिमायतनगर, किनवटकडे डोंगरात शिरतो. इथली गाडी सहसा एका कुटुंबाच्या हौसेची नसते. सोयाबीन निघाले की पिकअपमध्ये पोती, लगनसराईत सुमो-बोलेरोत बसतील तेवढी माणसे, आणि रात्री-बेरात्री कोणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे तर तीच गाडी. खड्डे, गतिरोधक, चढ आणि ओझे यांमुळे पहिला, दुसरा आणि तिसरा गिअर शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वापरला जातो. त्यामुळे बॉक्स झिजणे इथे नवलाचे नाही. पण झिजतो त्यापेक्षा जास्त वेळा तो ‘गेला’ असे ठरवले जाते, आणि ते थांबले पाहिजे.

बॉक्सच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारी बॉक्सबाहेरच्या असतात, असे गॅरेजात चार दिवस बसणाऱ्या कुणालाही दिसेल. इंजिन चालू असताना एकही गिअर नीट पडत नाही आणि इंजिन बंद केल्यावर सगळे अलगद पडतात, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे. केबल, क्लचचे तेल, प्रेशर प्लेट हे आधी पाहायचे. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. गिअरच्या दातांचा त्याच्याशी संबंध नाही. गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर बॉक्समधले इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयित. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलेले असते आणि ते बॉक्सच्या बाहेर असते. गिअरचा दांडा सैल झाला, इंजिनचे माउंटिंग फाटले, तरीही गिअर सटकतो. वेगाबरोबर वाढणारा हुंकार गाडी डावी-उजवीकडे वळवताना बदलत असेल आणि गिअर बदलल्याने बदलत नसेल, तर चाकाचे बेअरिंग तपासा. आणि रिव्हर्समध्ये येणारी ती किणकिणती शिटी कित्येक गाड्यांत जन्मजातच असते, कारण पुढच्या गिअरांचे दात तिरके कापलेले असतात आणि रिव्हर्सचे सरळ. त्या आवाजासाठी बॉक्स खोलणारा मिस्त्री बदलावा.

यानंतरची पायरी फार स्वस्त आहे आणि तरीही क्वचितच केली जाते. गाडी थोडी चालवून तेल गरम करायचे, स्वच्छ ट्रे खाली धरायचा आणि ड्रेन प्लग खोलायचा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसते. ती सर्वसाधारण झीज, घाबरायचे कारण नाही. तेलात पितळी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा झिजत आहेत. नखाला टोचणारे पोलादाचे कण किंवा तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटते आहे आणि गाडी पुढे चालवू नये. तेल किती निघाले हेही मोजावे. बहुतेक गाड्यांच्या बॉक्सला इंजिनासारखी तेल मोजायची पट्टी नसते. सीलमधून महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिनचे तेल वेळेवर बदलणारे मालकही गिअरचे तेल विसरतात. माझ्या मते आपल्याकडचे बॉक्स मरण्याचे पहिले कारण ओझे नव्हे, हे कोरडेपण आहे.

आता बॉक्स उतरला असे धरू. बोलेरो, सुमो यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बॉक्स इंजिनच्या मागे लांबीत असतो, प्रॉपेलर शाफ्ट सोडवून तो तुलनेने सहज खाली येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, इंजिनला वरून आधार द्यावा लागतो, आणि बॉक्सच्या पोटातच डिफरन्शियल असते. तिथे वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त. हा फरक पुढच्या हिशेबात महत्त्वाचा ठरतो.

आत सर्वांत आधी झिजतात त्या सिंक्रो रिंगा. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग गिअर पडण्याआधी एका गतीवर आणायचे काम ही पितळी रिंग घासून घासून करते. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही सोय आली. त्याआधी ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून ते हाताने साधावे लागे. रिंग घासण्यासाठीच बनवलेली आहे, म्हणून ती झिजणे हा बॉक्सचा मृत्यू नव्हे. रिंग गिअरच्या कोनावर बसवून मधली फट फीलर गेजने मोजतात. कित्येक छोट्या गाड्यांत नव्या रिंगेला ती एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग बाद. आपल्याकडे फीलर गेज टॅपेट सेट करायला असतोच. तो इथेही वापरा असे मिस्त्रीला मालकाने सांगायला हरकत नाही.

बेअरिंगांवर नंबर कोरलेला असतो. चिंचवडला कारखाना असलेल्या एसकेएफची किंवा जयपूरच्या एनबीसीची त्या नंबरची बेअरिंगे बऱ्याचदा शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळून जातात, शोरूमची वाट पाहावी लागत नाही. नक्कल मालाची भीती मात्र खरी आहे; डबी सीलबंद पाहून आणि बिल घेऊनच घ्यावे. ऑइल सील, सर्क्लिप, लॉकचे बॉल आणि स्प्रिंग हे तर किरकोळ. फोर्क झिजतो तो अनेकदा आपल्याच सवयीने, गाडी चालवताना हात गिअरच्या दांड्यावर टाकून ठेवल्यामुळे. हे सगळे भाग बदलून बॉक्स पुन्हा वर्षानुवर्षे चालतो.

खरा निर्णय लागतो तो दात, शाफ्ट आणि केसिंग यांच्यापाशी. गिअरचे दात आतून चिवट आणि वरून कडक केलेले असतात. ती कडक साय जेमतेम मिलिमीटरभर असते. तिच्यावर खड्डे पडू लागले, पापुद्रे सुटले, की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि झीज वेगाने वाढते. अशा दातावर वेल्डिंगने भर घालून घासून देणारे कारागीर अजूनही आहेत. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल आदर ठेवूनही मी म्हणेन, ते करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचाही कडकपणा जातो आणि तुटलेला तुकडा दुसऱ्या गिअरमध्ये अडकला तर केसिंग फुटते. गिअर बदलायचाच तर जोडीने बदलावा, मेन शाफ्टवरचा आणि काउंटर शाफ्टवरचाही. जुन्या दातावर नवा दात नीट बसत नाही, आवाज करतो. एक जोडी गेली असेल तर दुरुस्ती परवडते. दोन-तीन जोड्या, काउंटर शाफ्ट आणि वर क्राऊन-पिनियन अशी यादी झाली, की थांबावे. केसिंगमधले बेअरिंगचे घर मोठे झाले असेल, म्हणजे बेअरिंग बसल्या जागी फिरत असेल, तर नुसते नवे बेअरिंग काही महिन्यांत जाणार. घराला स्लीव्ह बसवता येतो, पण त्याला अचूक मशीन शॉप लागते आणि शाफ्टची रेघ सरकली तर सगळे व्यर्थ. अशा वेळी बदलीच योग्य.

म्हणून मिस्त्रीला ‘किती खर्च येईल’ हे विचारण्याआधी ‘खोलून दाखवा, मग सांगा’ असे म्हणावे. खोलण्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि आनंदाने द्यावी. ती तपासणीची फी आहे. चांगला उस्ताद सगळे भाग फडक्यावर ओळीने मांडून, बोट ठेवून दाखवतो.

एक चूक वारंवार होते. बॉक्स खाली आल्यावर फक्त आवाज करणारे एकच बेअरिंग बदलले जाते, कारण बिल कमी दिसते. मजुरीचा मोठा भाग तर उतरवण्या-चढवण्यातच गेलेला असतो. सहा महिन्यांनी शेजारचे बेअरिंग बोलू लागते आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. बॉक्स उतरला की सगळी बेअरिंगे, सगळे सील, झिजलेल्या रिंगा, रिलीज बेअरिंग आणि निम्म्याहून जास्त झिजली असेल तर क्लच प्लेट एकाच वेळी बदलावी. इंजिनचे मागचे सील तेव्हाच हाताशी येते, तेही पाहावे. एवढा पैसा एकदम नसेल तर गाडी आठ दिवस उभी ठेवणे अर्धवट कामापेक्षा बरे.

संस्थात्मक पातळीवर हा प्रश्न आपल्याच एसटीने फार पूर्वी सोडवला आहे. निजाम राज्याच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बस वाहतूक सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे राज्य पुनर्रचनेनंतर इथली सेवा एसटीत आली. भोकरला आज एसटीचे आगार आहे. एवढा मोठा ताफा चालवायचा तर प्रत्येक आगारात बॉक्स उघडून बसणे परवडत नाही. म्हणून बिघडलेले युनिट उतरवायचे, दुरुस्त होऊन आलेले युनिट चढवायचे, बस रस्त्यावर काढायची आणि बिघडलेले कार्यशाळेकडे पाठवायचे, अशी पद्धत सार्वजनिक वाहतूक महामंडळांनी रुळवली. म्हणजे रस्त्यावर बदली आणि कार्यशाळेत दुरुस्ती. माझ्या मते नांदेड किंवा लातूरच्या चार-पाच गॅरेजांनी मिळून बोलेरो, पिकअप, स्विफ्ट, वॅगन-आर अशा खपाऊ गाड्यांचे दोन-दोन दुरुस्त बॉक्स तयार ठेवले, तर भाड्याच्या गाडीवर जगणाऱ्या माणसाचे आठ दिवसांचे उत्पन्न वाचेल.

युरोप-अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर होते. तिथे तासाची मजुरी इतकी महाग, की बॉक्स उघडण्याऐवजी कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेला बॉक्स बसवून जुना परत देणे स्वस्त पडते. आपल्याकडे उलट आहे. इथे हात स्वस्त आणि पार्ट महाग. म्हणून परदेशातला ‘बदलून टाका’ हा सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही. पण हात स्वस्त असून भागत नाही, तो जाणताही असावा लागतो. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पोराने उस्तादाकडे बॉक्स बसवण्याचे काम नीट शिकणे ही या भागाची गरज आहे.

पार्ट महाग का, याचे एक कारण कायद्याच्या पटलावर येऊन गेले आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देता ती आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवल्याचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, दंडाचे आकडे वादात अडकले. तरी बाहेरच्या गॅरेजवाल्याला पार्ट आणि पुस्तक मिळाले पाहिजे हे तत्त्व त्यातून पुढे आले, आणि ते भोकरसारख्या गावाच्या फार कामाचे आहे. केंद्राच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हे एक क्षेत्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुने कोटेशन खिशात असेल तर नवे मागून घ्यावे.

राहिला जुना, म्हणजे कटिंगचा बॉक्स. हा मार्ग वाईट नाही, आंधळा आहे. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन बॉक्स आतून वेगळे असतात. वर्ष, पेट्रोल-डिझेल, गिअरांचे प्रमाण बदललेले असते. बॉक्सवरचा नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर घालून पाहावेत, शाफ्टला खेळ किती ते बघावे, आत उरलेले तेल बोटावर घ्यावे. कोणत्या गाडीतून निघाला हे विचारून बिल घ्यावे, कारण चोरीच्या गाड्यांचे भागही याच बाजारात फिरतात. आणि बसवण्याआधी त्याचेही सील आणि बेअरिंगे बदलावीत. हा खर्च धरला, की जुना बॉक्स आणि आपल्याच बॉक्सची दुरुस्ती यांतला फरक पुष्कळ कमी होतो. आपल्या बॉक्सचा इतिहास निदान आपल्याला माहीत असतो. त्याचे केसिंग किंवा शाफ्टच गेले असतील तेव्हाच कटिंगच्या बॉक्सकडे जावे.

नवी असेंब्ली कधी? गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे किंवा रोज शेकडो किलोमीटर धावून पैसे मिळवते आणि बॉक्सचे मुख्य भाग बाद झाले आहेत, तेव्हा. माझा ढोबळ ठोकताळा असा: पूर्ण दुरुस्तीचा खर्च नव्या बॉक्सच्या साठ टक्क्यांच्या आत असेल तर दुरुस्ती. त्याच्या वर गेला तर गाडीच्या बाजारभावाकडे पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नूतनीकरणाची केंद्राची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, त्यात राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चौदाव्या वर्षी बॉक्सवर मोठा खर्च करणाऱ्याने हे पैसे त्याच कागदावर मांडावेत. मात्र इंजिन सशक्त आहे आणि सांगाडा गंजलेला नाही, तर केवळ बॉक्ससाठी गाडी मोडीत काढणे मला पटत नाही. २०२१ च्या स्क्रॅप धोरणात मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के सांगितली होती. तेवढ्यात दुसरी गाडी दारात येत नाही, हप्ते येतात.

ऑटोमॅटिक गाड्यांचे शास्त्र वेगळे आहे. २०१४ साली सेलेरिओपासून सामान्य माणसाच्या हाती आलेल्या एएमटीत आतला बॉक्स साधा मॅन्युअलच असतो. फक्त क्लच आणि गिअर ॲक्च्युएटर हलवतो. तिथे दोष बहुधा क्लच, सेन्सर किंवा ॲक्च्युएटरचा निघतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय बॉक्सला हात लावू नये. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींवर धावतो. पुलीला ओरखडे पडले की गावठी दुरुस्ती शक्य नाही, आणि तेल चुकीचे घातले तर तेवढ्यानेही तो मरतो. अशी गाडी नांदेडला किंवा हैदराबादलाच न्यावी.

पुराचे पाणी ही आपल्या जिल्ह्याची नवी काळजी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली, गाड्याही बुडाल्या. तापलेला बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरे दिसते. असा बॉक्स ‘चालतोय ना’ म्हणून चालवला तर बेअरिंगांना गंज चढतो आणि काही आठवड्यांत दुरुस्तीचा प्रश्न बदलीचा होतो. गाडी बुडाली असेल तर सुरू करण्याआधी तेल काढावे, नवे घालून थोडी चालवून तेही काढावे. दोन-तीन वेळच्या तेलात एक बॉक्स वाचतो.

काम कोणाकडेही करा, पक्के बिल घ्या. त्यावर बदललेल्या भागांची नावे, गाडीचे रीडिंग आणि किती महिने किंवा किलोमीटरची हमी ते लिहून घ्या, काढलेले जुने भाग परत मागा. दुरुस्ती ही ग्राहक कायद्याने सेवा आहे. दोन वर्षांच्या आत नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तोंडी व्यवहारात यातले काहीच हाती राहत नाही.

शेवटी तेल. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-५ ‘जास्त भारी’ म्हणून घालू नये. त्यातली जादा दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्ये पितळी रिंगांना अपायकारक ठरू शकतात. ती मागच्या डिफरन्शियलसाठी योग्य. दुरुस्त केलेल्या बॉक्सला पहिले हजार किलोमीटर ओझे देऊ नये, किनवटचा चढ आणि लग्नाची भाडी तेवढे दिवस टाळावीत. मग तेल काढून प्लगचा चुंबक पाहावा. पहिल्या खेपेला करडी पेस्ट थोडी जास्त असणारच. पण टोचणारा कण एकही निघाला, तर हमीची मुदत संपायच्या आत, तोच प्लग आणि तेच बिल घेऊन गाडी त्याच गॅरेजला परत न्यावी.